नवमीला काढलेली जाळी

राघोबांच्या गुऱ्हाळात चरकाच्या गिअरवर जाळी होती. खंडेनवमीला राघोबांनी ती काढली, दात्यांना हळदकुंकू लावलं, वरच्या चौकटीला झेंडूची माळ बांधली आणि जाळी चिपाडांच्या ढिगावर फेकली, ती तिथंच राहिली. लोखंडाची पूजा करायची आणि माणूस उघड्यावर टाकायचा, याचा मला आजही संताप येतो.

हंगाम सुरू झाला. माझा नवरा धम्मानंद चरकात ऊस घालायचा, मी मागून चिपाडं ओढायचे. एका दुपारी ती वाळलेली माळ सुटली आणि चाकांत ओढली जायला लागली. चरक न थांबवताच धम्मानंदनं ती काढायला हात घातला. छोटं चाक मोठ्याला फिरवत होतं. दोघांचे दाते एकमेकांत बसतात तिथं माळेसकट त्याची बोटं गेली, मग पंजा. तो किंचाळला तशी मी मोटारीचा खटका पाडला. चरक थांबला, पण हात आतच होता.

"मागं फिरवा!" म्हणत राघोबांनी मोठ्या चाकात पहार खुपसली.

आधी चरकाची सगळी चाकं सरळ दात्यांची होती. पहार लावली की निमूट मागे फिरायची. त्या वर्षी मात्र राघोबांनी मोटारीकडची गिअरची पेटी बदलली होती. नव्या पेटीत वर्म गिअर होता, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा दांडा आणि त्या आट्यांत बसलेलं चाक. दांडा चाकाला फिरवतो, चाक दांड्याला फिरवू शकत नाही. ऊस अडकला की मोटारीकडची पुली हातानं उलटी फिरवून मीच तो सोडवायचे. राघोबा तेव्हा बाजेवर घोरत असायचे.

पहारेच्या हिसक्यानं चाक दात्यांतल्या फटीएवढंच हलायचं आणि पुन्हा हातावर बसायचं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. रक्त कुंकवावरून खाली ओघळत होतं.

"अण्णा, सोडा ती पहार! तिकडनं न्हाई फिरत ते!"

"सरक तिकडं! मला शिकवायलीस?" त्यांनी मला कोपरानं ढकललं.

मी उसाचा कोयता उचलला आणि उलट्या बाजूनं त्यांच्या मनगटावर घातला. पहार सुटली नाही. पुन्हा घातला. या वेळी पहार पडली आणि राघोबा मनगट धरून खाली बसले. काहिलीवर गूळ शिजवणारा ईरण्णा माझ्या अंगावर धावून आला. मी कोयत्याची धार त्याच्याकडे फिरवली.

"जित्तं राहायचंय न्हवं? मग पुली धर. उलटी."

त्यानं धरली. दोघं जिवाच्या आकांतानं रेटत राहिलो. पुलीचे फेऱ्यांवर फेरे व्हायचे तेव्हा कुठे चाक एक दाता मागे सरायचं. धम्मानंदचं ओरडणं थांबलं होतं, मान लटकली होती. गेला माझा माणूस, असं वाटलं. शेवटी जे बाहेर आलं त्याला हात म्हणवत नव्हतं.

बिदरच्या दवाखान्यात पंजा कापला. जीव वाचला. राघोबांचं मनगट वाकडंच जुळलं. त्यांनी पोलिसांत कोयत्याचं सांगितलं. मग मी तिथं जाळी कुणी काढली ते सांगितलं, तशी आपल्यावरच शेकेल म्हणून त्यांनी तक्रार मागे घेतली आणि धम्मानंदच्या जागी मला चरकावर ठेवलं. पहिल्या दिवशी मी जाळी शोधून बसवली आणि बोल्ट आवळले.

यंदा नवमीला राघोबा त्या वाकड्या हातात ताट घेऊन आले.

"राजश्री, जाळी काढ. पूजा करायचीय."

"जाळीवरच लावा, अण्णा," मी म्हणाले. "आतलं लाल अजून निघालं न्हाई."