माफ करा, माझंच चुकलं

डोळे मिटून बघ बरं. तुझ्या शाळेच्या इमारतीच्या दुप्पट उंच असं एक पांढरं जहाज आहे. त्यात जिने आहेत, लिफ्ट आहे, दुकानं आहेत, केस कापायचं सलूनसुद्धा आहे. पाचव्या मजल्यावर गालिचा संपतो तिथे गुळगुळीत लाकडी जमीन आहे, साधारण एका वर्गाएवढी. तिच्याभोवती गोल टेबलं, कोपऱ्यात पियानो. दुपारचे चार वाजलेत. तुला सगळ्यात मागची खुर्ची मिळाली आहे. आणि त्या लाकडी जमिनीवर तुझे बाबा एका परक्या बाईंचा हात धरून नाचताहेत. हसताहेत. तुझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

कसं वाटतंय? उघड आता डोळे. तुला जे क्षणभर वाटलं ना, ते भिंगरीला सलग सहा दिवस वाटत होतं.

भिंगरी दहा वर्षांची होती. चालायला लागली तेव्हापासून स्वतःभोवती गिरक्या घ्यायची, म्हणून हे नाव पडलं. तिचे बाबा जहाजावर नाच शिकवायचे. सकाळी दहाला वर्ग, दुपारी चार ते पाच पियानोच्या साथीवर प्रत्यक्ष नाच. प्रवासाला एकट्या येणाऱ्या बायका बऱ्याच असतात. कुणाचे यजमान हयात नसतात, कुणाचे असतात पण नाचायचं म्हटलं की त्यांचा गुडघा दुखायला लागतो. अशा पाहुण्यांबरोबर नाचायला जहाजावर माणसं नेमलेली असतात, त्यांना होस्ट म्हणतात. वर्षातले आठ महिने बाबा होस्ट असायचे आणि उरलेले चार महिने घरी.

होस्टने कसं वागायचं, याचे नियम छापून बाबांच्या केबिनच्या दाराला आतून चिकटवले होते. भिंगरीने ते पहिल्याच दिवशी वाचून काढले. सगळ्या पाहुण्यांना सारखी पाळी द्यायची. एकीबरोबर लागोपाठ दोन नाच करायचे नाहीत. एकही पाहुणी जोडीदारावाचून बसली असेल, तोवर घरच्या माणसांबरोबर नाचायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी : नाचताना पाय अडला, धक्का लागला, काहीही झालं तरी चूक होस्टची. पाहुणीला तिची चूक दाखवायची नाही. ‘माफ करा, माझंच चुकलं’ म्हणायचं आणि पुढे जायचं.

वर्षातून एकदा घरच्यांना आठ दिवस जहाजावर यायची मुभा होती. बाबांनी फोनवर कबूल केलं होतं, “एक नाच तुझा. सगळ्यांसमोर, पियानोवर.” त्या एका नाचासाठी भिंगरीने वर्षभर खुर्चीच्या पाठीला धरून वॉल्ट्झ ह्या नाचाची पावलं घोटली होती. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. एकला मागे, दोनला बाजूला, तीनला पाय जुळवायचा. सुट्टीत बाबा घरी असले की स्वयंपाकघरात तिची परीक्षा व्हायची. ते कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि म्हणायचे, “खांदा पाड. टाच. तीनला पाय कुठे गेला? परत.” एकदा हे ‘परत’ चाळीस वेळा झालं होतं. भिंगरीने मोजलं होतं.

ह्या फेरीला एकट्या आलेल्या, नाचणाऱ्या पाहुण्या दोनच होत्या. एक चष्मेवाल्या बाई आणि दुसऱ्या सत्तरीच्या आजी. होस्टही दोनच, बाबा आणि लंबूकाका. म्हणजे दोघी सतत नाचत होत्या, दोघे सतत गुंतलेले होते, आणि भिंगरीची पाळी काही येत नव्हती.

चष्मेवाल्या बाईंचं तिला काही वाटत नव्हतं. तिचा सगळा राग होता त्या आजींवर. आजींनी ह्या प्रवासासाठी चांदीच्या रंगाचे बूट घेतले होते. जन्मभर शिवणकामाचं दुकान चालवलेल्या, नाच कधी शिकल्या नव्हत्या. त्या ‘दोन’पर्यंत ठीक असायच्या. तीनला मात्र पाय जुळवायच्याच नाहीत, तो तसाच लांब ठेवायच्या. मग पुढचं पाऊल हमखास चुकीचं पडायचं आणि बाबांच्या पायावर यायचं. आणि बाबा काय करायचे? मधेच एक इवलंसं जास्तीचं पाऊल घ्यायचे, त्यांची चूक स्वतःच्या पायात घ्यायचे आणि हसून म्हणायचे, “माफ करा, माझंच चुकलं. छान नाचता हं तुम्ही.”

ते जास्तीचं पाऊल बाकी कुणाला दिसत नव्हतं. भिंगरीला दिसत होतं. तिच्यासाठी बाबांनी असं पाऊल कधी घेतलं नव्हतं.

“आई, तुला राग नाही येत?” तिने एकदा विचारलं.

आई पुस्तक वाचत होती. “कसला राग? मला कीव येते त्यांची. रोज दोन तास पाय तुडवून घ्यायचे म्हणजे काय चेष्टा आहे?”

“पण ते किती हसतात त्यांच्याकडे बघून. ‘छान’ म्हणतात.”

“मग काय रडायचं त्यांनी? कामच आहे ते त्यांचं.”

“मला कधी छान म्हणालेत?”

आईने पुस्तकातून डोकं वर काढलं. “तुला? तुला म्हणाले असतील की कधीतरी,” ती म्हणाली. पण कधी ते तिलाही आठवेना, आणि ती परत वाचू लागली.

सातव्या दिवशी सकाळी भिंगरी वर्गाच्या आधीच खाली गेली. आठव्या दिवशी सकाळी सगळे उतरणार होते, म्हणजे आज शेवटची दुपार. आजी तिच्याही आधी येऊन बसल्या होत्या, बूट घालत होत्या.

“तू सरांची ना? भाग्याची आहेस गं,” आजी म्हणाल्या. “घरच्या घरी शिकायला मिळतं.”

भिंगरी त्यांच्या चांदीच्या बुटांकडे बघत राहिली.

“आमच्या धाकट्या बहिणीने मला वेड्यात काढलं होतं. म्हणाली, ताई, ह्या वयात नाचायला गेलीस तर स्ट्रेचरवरून येशील. आता दाखवते तिला. सहा दिवसांत एकदासुद्धा चुकले नाही मी. चुकतात ते सरच, बिचारे.” आजी खुदकन हसल्या. “शिकवणारा चुकतो आणि शिकणारी नाही, ऐकलंयस कधी?”

“बाबा नाही चुकत,” भिंगरी म्हणाली. “तुम्ही चुकता.”

आजींचा हात बुटाच्या पट्ट्यावर थांबला.

“तो नियम आहे. केबिनच्या दाराला लावलाय. पाहुणी चुकली तरी ‘माझंच चुकलं’ म्हणायचं. आणि ते सगळ्यांनाच छान म्हणतात. कामच आहे ते त्यांचं.”

“अस्सं,” आजी म्हणाल्या. पट्टा सोडून त्यांनी विचारलं, “रोज चुकते?”

“दर तीनला.”

आजींनी घातलेला बूट काढला, दुसरा घातलाच नाही. दोन्ही बूट पिशवीत ठेवले आणि सपाता घालून त्या निघून गेल्या. भिंगरीला बरं वाटलं. खाज सुटलेल्या जागी नखं लावल्यावर वाटतं ना, तसं बरं. अशा वेळी आग नंतर सुरू होते, हे तुलाही माहीत असेल.

वर्गाला आजी आल्या नाहीत. दुपारी चारला पियानो सुरू झाला तरी त्यांची खुर्ची रिकामी. चष्मेवाल्या बाई लंबूकाकांबरोबर नाचत होत्या. बाबा दाराकडे बघत उभे राहिले. दुसऱ्या गाण्याला पाळीप्रमाणे ते चष्मेवाल्या बाईंबरोबर नाचले, तिसऱ्याला त्या पुन्हा लंबूकाकांकडे गेल्या. मग ते मागच्या टेबलापाशी आले.

“चल,” ते भिंगरीला म्हणाले. “कुणी बसलेलं नाही. आता तुझा नाच.”

भिंगरी उठली. “बाबा, पाहुण्यांशी नाचतोस तसा नाच. अगदी तस्सा.”

“तसा म्हणजे?”

“म्हणजे तसाच.”

बाबांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग त्यांनी कोट सारखा केला, किंचित वाकून हात पुढे केला आणि म्हणाले, “याल का माझ्याबरोबर?”

पहिली दोन वळणं तर स्वप्नासारखी गेली. लाकडी जमीन पायाखालून सरकत होती. आईने पुस्तक मिटलं. बाबा हसत होते, तेच हसू, जे सहा दिवस दुसऱ्यांसाठी होतं. “वा, छान,” ते म्हणाले. “फार हलकी पावलं आहेत तुमची.”

तुमची. भिंगरीचे कान गरम झाले. पण प्रत्येक वळणाला बाबांची नजर तिच्या डोक्यावरून दाराकडे जात होती. म्हणजे हात तिच्या हातात आणि लक्ष अजून आजींकडेच. तिने तीनला मुद्दाम पाय लांब ठेवला.

बाबांनी ते इवलंसं जास्तीचं पाऊल घेतलं. “माफ करा, माझंच चुकलं.”

तिने पुन्हा तसंच केलं. मग त्यांच्या बुटावर पाय दिला, चांगला दाबून.

“माझंच चुकलं. सुंदर नाचता तुम्ही.”

हसू तसंच होतं. जराही हललं नव्हतं. भिंतीवरच्या फोटोतलं माणूस आपण कुठेही उभे राहिलो तरी आपल्याकडे बघत असतं, तसं. भिंगरीला एकदम वाटलं, बाबा इथे नाहीतच.

“बाबा, मी मुद्दाम चुकले.”

“माहीत आहे.”

“मग ओरडला का नाहीस? परत का नाही म्हणालास?”

“तूच पाहुणी झालीस ना?” बाबा हळूच म्हणाले. पावलं चालूच होती. “पाहुणीला परत म्हणत नाहीत. ती उद्या उतरून जाते. तिने हसत उतरावं एवढंच माझ्या हातात असतं.”

“आणि मी?”

“तू कुठे उतरणार आहेस? तुझा पाय वाकडा पडला तर मला इथे समुद्रावर चैन पडत नाही.”

एरवी हे ऐकून ती हरखून गेली असती. पण आता तिला सकाळची ती पिशवी दिसत होती, आणि आतली आग वाढत होती. “त्या आजी माझ्यामुळे आल्या नाहीत,” ती म्हणाली आणि तिने सगळं सांगून टाकलं. नियम, दर तीनला, कामच आहे ते त्यांचं, सगळं.

बाबा थांबले. जमिनीच्या मधोमध, पियानो चालू असताना. होस्ट असा कधी थांबत नाही. लंबूकाका वळण घेता घेता बघायला लागले.

“त्यांना काय सांगितलंस? चुकता म्हणून?”

“हो. खरंच आहे ना ते?”

“खरं आहे. पण अर्धंच आहे,” बाबा म्हणाले. “काय चुकतं ते सांगितलंस?”

भिंगरीने नकारार्थी मान हलवली.

“मला तर नियमामुळे तेही सांगता येत नाही,” ते म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा हात पुढे केला, कारण तिचा नाच अजून शिल्लक होता. ह्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू नव्हतं. नेहमीचे बाबा होते, दमलेले, कपाळाला आठी घातलेले. “ये. खांदा पाड.”

भिंगरीने घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजायला पंचवीस मिनिटं होती. तिने बाबांचा हात घेतला नाही. ती दाराकडे पळाली.

आजी वरच्या डेकवर कठड्याजवळच्या बाकावर बसल्या होत्या. वाऱ्याने केस विस्कटले होते. पिशवी मांडीवर.

“सरांनी पाठवलं वाटतं,” त्या म्हणाल्या. “मीच चुकलो म्हणून सांगायला?”

“नाही. मी वाईट बोलले, म्हणून आले.”

“खरं तेच बोललीस की.”

“अर्धंच बोलले.” भिंगरीला धाप लागली होती. उरलेलं अर्धं अजून सांगायचं होतं. ते सांगितलं आणि आजींना जमलं, तर त्या खाली जाणार. त्या खाली गेल्या की त्या पाहुणी, आणि बाबांचा हात त्यांचा. शेवटचं गाणंसुद्धा त्यांचं. बाबांनी घरी येऊन जे फक्त तिच्याकडून घोटून घेतलं होतं, तेही आता त्यांचं होणार. एवढा एकच तर तिचा हिस्सा होता.

“तुम्ही तीनला पाय जुळवत नाही,” ती म्हणाली. “लांबच ठेवता. मग पुढच्या वेळी चुकीचा पाय निघतो. माझं पण असंच व्हायचं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“अगं, मग इतके दिवस कुणी बोललं का नाही? दुकानातल्या मुलीने बाही उलटी लावली तर मी तिला सांगायचे नाही का?” आजी उठून उभ्या राहिल्या. “धर हात. मोज.”

भिंगरीने त्यांचे दोन्ही हात धरले आणि मोजायला सुरुवात केली. जहाज जरासं डोलत होतं. पहिल्यांदा पाय लांबच राहिला, दुसऱ्यांदा आजींनी जुळवला पण वजन भलत्याच पायावर टाकलं आणि बाकाला धरून वाचल्या. स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या. सहाव्या खेपेला पाय जुळला. सातव्यालाही. आठव्याला आजी मोजायचं विसरून नुसत्याच नाचल्या आणि तरी जुळला.

खालून पियानोचा आवाज येत होता. त्या गाण्यानंतर अजून दोन होती, भिंगरीला क्रम पाठ होता.

“बूट घाला, आजी,” ती म्हणाली. “पटकन.”

आजींनी बाकावर टेकून बूट घातले. जिन्याकडचं लोखंडी दार वाऱ्यामुळे उघडत नव्हतं. भिंगरीने आधी हातांनी ओढून पाहिलं. मग दोन्ही पाय रोवून ते फटीएवढं उघडलं, मधे शिरून पाठीने आणखी रेटलं, आणि आजी आत जाईपर्यंत दार तसंच धरून ठेवलं.