उरलेला उशीर देवाचा

भांडण लयीवरून झालं होतं. जमिनीवरून भांडलेले भाऊसुद्धा एखाद्या लग्नात समोरासमोर आले तर एकमेकांना पाणी विचारतात. पण चारचौघांत एकाने दुसऱ्याला "तुझी लय गेली" म्हटलं, की मग प्रत्यक्ष देव मध्यस्थीला आला तरी त्यालाच आधी विचारतील, "तुला ताल कळतो का?"

थोरले ते बुवा. कीर्तन करायचे. गळा खणखणीत, आणि त्या गळ्याचं सगळ्यांत जास्त कौतुक त्यांना स्वतःलाच. धाकटे अण्णा त्यांच्या मागे एक पाऊल सोडून उभे राहायचे आणि टाळ वाजवायचे. मिसरूड फुटायच्या आधीपासूनची जोडी. ओळ संपली की बुवा किंचित मान वळवून विचारायचे, "काय रे, बरोबर ना?" आणि अण्णा हात न थांबवता म्हणायचे, "बरोबर. चल पुढे." बरोबर नसलं तरी तेच म्हणायचे. कीर्तनात सुधारणा घरी जाऊन करायची असते.

पुढे बुवांच्या मुलाने त्यांना समुद्रापलीकडे आपल्या घरी नेलं. बुवा गेले, पण कीर्तन कुठं जातंय? ठरलं असं की रविवारी सकाळी सभागृहाच्या पडद्यावर बुवा दिसतील, तिथून गातील आणि पडद्याखाली अण्णा टाळ धरतील. बुवांनी अंगावर शाल घेतली, कानांत मुलाने दिलेले बिनतारी हेडफोन घातले आणि देवाचं नाव घेऊन सुरुवात केली.

पद दुडक्या चालीचं होतं. भक्त हाक मारतो आणि देव धावत येतो, असं. पहिल्या कडव्यात देव धावला. दुसऱ्यात चालू लागला. चौथ्या कडव्यापर्यंत तर असा रेंगाळला की वाटेत दोनदा जेवायला थांबला असावा. पुढच्या रांगेतल्या दोन आजी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून निजल्या. अण्णा बुवांसाठी थांबत होते, बुवा अण्णांसाठी थांबत होते, आणि भक्त बिचारा दोघांसाठी.

"अरे, मागे ओढतोयस!" बुवा पडद्यातून ओरडले.

"मी कुठं? तूच ओढतोयस!"

"टाळकऱ्याचं वय झालं की हात जड होतात," बुवा श्रोत्यांना म्हणाले. सभागृहाचे चारही स्पीकर चालू होते. ते वाक्य चारही कोपऱ्यांतून अण्णांच्या अंगावर आलं.

अण्णांनी घरी येऊन टाळ एका लोकरीच्या मोज्यात घातले आणि मोजा शिवणाच्या मशीनच्या खणात कोंबला. तिकडून बुवांचा निरोप आला की मोबाईलमध्ये आयता टाळ मिळतो, तो म्हातारा होत नाही, पुढच्या रविवारी तोच लावतो. अण्णा निरोप ऐकून जेवायला बसले. मात्र जेवताना टेबलावर बोटांनी ताल धरायची त्यांची जन्माची सवय त्या दिवशी मोडली, आणि ते त्यांच्या बायकोच्या लक्षात आलं. घरात तिला सगळे आईच म्हणत.

आई उठली ती थेट मुलीच्या खोलीत. मुलगी नेटवर्क इंजिनिअर. बुवा तिला 'वायरमन' म्हणायचे. तीही फोन उचलताना "वायरमन बोलतोय" म्हणून त्यांची खोड जिरवायची.

"तू ऑफिसात नक्की काय करतेस गं?"

"उशीर कमी करते."

"रोज उठतेस नवाला आणि उशीर कमी करतेस?"

"नेटवरचा उशीर, आई. लोक खेळ खेळतात ना, त्यांची तक्रार असते की गोळी आधी मी झाडली आणि मेलोही मीच. त्यांचा निरोप वेळेवर पोचेल असं बघायचं."

"मग हेही तेच झालंय," आई म्हणाली. "दोघांनी गोळ्या झाडल्यात आणि दोघंही मेलेत. रविवारच्या आत उठव."

वायरमनने लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला आणि बुवांना फोन लावला. अण्णा पाठ करून पालेभाजी निवडत बसले. ऐकत नसल्याचं दाखवायला माणूस भाजी फार बारकाईने निवडतो.

"काका, मी एक टाळी वाजवते. ऐकू आली की लगेच तुम्ही वाजवा."

तिने वाजवली. पलीकडची टाळी आली तेव्हा आईची अर्धी जांभई देऊन झाली होती.

"बघा. हा तुमचा उशीर."

"छे! आमच्याकडे इथलं सगळ्यांत महागडं कनेक्शन आहे. स्पीड बघितलास का?"

"काका, रस्ता रुंद केला म्हणून गाव जवळ येत नाही. एका वेळी चार गाड्या जातील एवढंच."

"मग गाव लांब कुणी नेलं?"

"तेच शोधतेय. आधी कानांतलं काढा."

बुवा हेडफोन काढायला तयार होईनात. त्यात आपण तरुण दिसतो असं सूनबाई म्हणाल्या होत्या. पण तो आवाज हवेतून कानात उतरायच्या आधी डब्यात भरला जातो, डबा बंद होतो, पुन्हा उघडतो, आणि या उघडझाकीत अर्धी मात्रा खलास होते, हे ऐकल्यावर त्यांनी काढले. मुलाच्या कपाटातून तारेचे जुने हेडफोन निघाले. मग संगणकाला इंटरनेटची तारही जोडायला लावली, कारण राउटर आणि बुवा यांच्यामध्ये तीन भिंती आणि एक माशांची टाकी होती. मग सूनबाईंचे फोटो. त्या ऐन कीर्तनाच्या वेळी हजारो फोटो वर चढवत होत्या, आणि बुवांचा आवाज त्या फोटोंच्या मागे रांगेत उभा राहत होता.

"माझा आवाज रांगेत?" बुवा म्हणाले.

"वाढदिवसाच्या केकच्या मागे."

राउटरमध्ये तिने तशी सोय केली: गाणं आलं की फोटोंनी बाजूला व्हायचं. एवढं झाल्यावर ती वाट तपासायला बसली आणि मोठ्याने हसली. बुवांचा सूर सरळ इकडे येतच नव्हता. आधी भलत्याच खंडात जायचा आणि तिथून माघारी वळायचा. शेजारच्या दारी जायला गावाला वळसा. तिने पलीकडच्या कंपनीतल्या इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, तक्रार नोंदवा, बघू. ती म्हणाली, बघू नका, ऐका, आणि त्याला बुवांचं ते रेंगाळलेलं पद फोनवर ऐकवलं. तिसऱ्या कडव्याला तो म्हणाला, "बाई, बंद करा, वाट बदलतो." भक्ती अशीही कामाला येते.

शेवटचा चोर मात्र घरातच निघाला. बैठकांसाठी वापरतात तोच प्रोग्रॅम ते कीर्तनाला वापरत होते. मागची खडखड, भांड्यांचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं हे तो आपण होऊन गाळून टाकायचा. अण्णांचा टाळ त्याने भांड्यांत धरला होता.

अण्णांच्या हातातली जुडी टेबलावर पडली. "म्हणजे त्याला माझा टाळ ऐकूच येत नव्हता?"

"मधूनमधून यायचा. बाकी कचरा म्हणून झाडून टाकायचा."

"काय गं हे," अण्णा म्हणाले. "सबंध कीर्तनभर माझं काही ऐकत नव्हता म्हणजे!"

"ते इंटरनेट नव्हतं तेव्हाही," आई म्हणाली.

वायरमनने संगीतासाठीचा दुसरा प्रोग्रॅम लावला. पुन्हा टाळी वाजवली. आता पलीकडची टाळी अशी आली की आईला जांभईसाठी तोंड उघडायलाही फुरसत मिळाली नाही. अण्णांनी उठून शिवणाच्या मशीनचा खण उघडला आणि मोजा बाहेर काढला.

संथ पद झकास जमलं. बुवा खुलले. म्हणाले, "आता धावतं घेऊ." घेतलं, आणि दोन ओळींत देवाचा पाय पुन्हा जड झाला.

"हाच! हाच ओढतोय!"

"दादा, शपथ घेऊन सांगतो, मी तुझ्या जागेवर वाजवतोय."

"दोघंही खरं बोलताय," वायरमन म्हणाली. "दोघांनाही दुसरा मागे ऐकू येतो. म्हणून दोघंही जरा थांबता. मग तो थांबला म्हणून तुम्ही आणखी थांबता. दोघं समजूतदार आहात हीच अडचण आहे."

आमच्यावर असा आरोप आजवर कुणी केला नव्हता, अशा चेहऱ्याने दोन्ही भाऊ तिच्याकडे बघत राहिले.

"मग उरलेला उशीर काढ की," बुवा म्हणाले.

"उरलेला माझ्या हातात नाही, काका. मध्ये समुद्र आहे. तारेतून प्रकाश धावतो, आणि त्याला याहून जोरात पळता येत नाही."

"कोण म्हणतं?"

"तुमचाच देव. त्याच्या घरचा नियम आहे. माझ्या वाट्याचा उशीर मी काढला, उरलेला त्याचा."

"देवाने एवढी सृष्टी केली आणि वायर आखूड करायचं विसरला," बुवा पुटपुटले. "मग आता? त्या मोबाईलचाच टाळ लावू का?"

अण्णांनी टाळ खाली ठेवले. मोजा कुठे आहे ते शोधू लागले.

वायरमन घाईघाईने म्हणाली, "एक उपाय आहे. दोघांपैकी एकाने ऐकणं बंद करायचं. श्रोते इथे बसतात. अण्णा तुमचं ऐकून वाजवतील, म्हणजे इथे सगळं जागच्या जागी पडेल. तुम्ही मात्र अण्णांना ऐकायचं नाही. तुमच्याकडे येणारा आवाज मी तोडते. आपण आपलं गायचं, थांबायचं नाही."

"मी बहिऱ्यासारखा गाऊ? टाळाशिवाय? वर श्रोत्यांची दादही नाही? समोर कुणी आहे की नाही हे तरी कसं कळायचं?"

"काका, एवढी वर्षं देवासाठी गाताय. वरून एकदा तरी टाळ ऐकू आलाय?"

पलीकडे शांतता. आईने मुलीला चिमटा काढला. मुलीने हळूच आकड्यांवर नजर टाकली: नेटवर्क ठणठणीत होतं, म्हणजे ही शांतता खास काकांची होती. अण्णांनी डोळे मिटले. थोरल्या भावाला असं कुणी बोललेलं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि ऐकायची इच्छा मात्र होती.

मग बुवा हसले. आधी नाकातून, मग पोटातून.

"वायरमन, तू नरकात जाणार," ते म्हणाले. "आणि तिथलंही नेट सुधारशील. तोड आवाज."

रविवारी सभागृहात पुढच्या रांगेतल्या आजी उशा घेऊनच आल्या होत्या. पडद्यावर बुवा, तारेचे हेडफोन घातलेले, पण त्यांत काही नाही. त्यांनी एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं. विहिरीत उडी मारण्यापूर्वी माणूस पाण्याकडे पाहतो तसं. आणि तेच पद उचललं.

देव धावला. पहिल्या कडव्यात धावला, दुसऱ्यात पीतांबर खोचून धावला. अण्णांचे टाळ असे बसत गेले की आवाज पडद्यातून येतो की पडद्याखालून हे कळेना. उशा मांडीवरून खाली घसरल्या आणि त्या आजी टाळ्या वाजवू लागल्या. बुवांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं.

ओळ संपली. बुवांनी जन्माच्या सवयीने मान वळवली. मागे मुलाच्या घरातली भिंत होती.

"काय रे, बरोबर ना?"

वायरमन लॅपटॉपकडे वळली. हे कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. उत्तर पोचणार नव्हतं, आणि उत्तराची वाट बघत बुवा थांबले तर सगळंच बसलं. तिचा हात तोडलेला आवाज जोडायला पुढे गेला.

"बरोबर. चल पुढे," अण्णा टाळ न थांबवता म्हणाले.

आणि बुवांनी बरोबर तेवढीच जागा सोडली होती. "बरोबर. चल पुढे" एवढे शब्द मावतील इतकीच, ना कमी ना जास्त. मग मान डोलावून, ऐकल्यासारखी, त्यांनी पुढची ओळ समेवर उचलली. वायरमनने हात मागे घेतला. एवढ्या तारा ओढून, वाटा बदलून तिला जो उशीर काढता आला नाही, तो या दोघांच्यात कधी नव्हताच.

कीर्तन संपल्यावर तिने आवाज जोडला.

"पळत होतास आज," अण्णा म्हणाले.

"आणि तू मागे होतास."

"तुला काय माहीत? तुला ऐकू येत होतं का?"

"ऐकू कशाला यायला हवं? ओळखत नाही का तुला?"

पुढचं कुणालाच कळलं नाही, कारण दोघंही एकाच वेळी बोलत होते, वाक्याला वाक्य भिडवून, चारही स्पीकरांतून, नेमक्या लयीत. आईने टाळांचा रिकामा मोजा उचलला, घडी घातली आणि दुसऱ्या मोज्याच्या शोधात घराकडे निघाली.