अहो खिडकीत आहेत

"आम्ही आलोच, कोपऱ्यावर वळतोय," असा ताईचा फोन आला तेव्हा दातवाल्याच्या चिमट्यात अहोंचं शेवटचं खरं पान होतं, आणि ते नुकतंच गळलं होतं.

अहो म्हणजे खिडकीतलं झाड. आत्याच्या यजमानांनी, म्हणजे आतोबांनी, जाण्याच्या आदल्या वर्षी आणलेलं. तळहाताएवढं सक्युलंट, निळसर हिरव्या जाड पानांचं. पानं अशी रचलेली की कुणीतरी दगडात गुलाब कोरलाय, आणि प्रत्येक पानाला गुलाबी कड. आतोबा गेले, झाड राहिलं. एका सकाळी आत्या त्याला म्हणाली, "अहो, ऊन आलंय, जरा सरका," आणि तिने स्वतःच कुंडी सरकवली. घरात कुणालाच त्यात गैर वाटलं नाही. आतोबाही स्वतःहून कधी सरकत नसत.

पण त्या झाडावर एक अख्खं घर टांगलेलं होतं. ताई, म्हणजे आत्याची लेक, वर्षभर आईच्या मागे लागली होती की हे घर बंद कर आणि कायमची माझ्याकडे ये. आत्या दरवेळी एकच म्हणायची, "अहो आहेत तोवर मी इथून हलायची नाही." शेवटी ताईने शब्द दिला, "बरं. ते झाड आहे तोवर राहा. झाड गेलं की पेटी भरायची." मायलेकींचं असं ठरलं, मग आत्या दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तीन महिने ताईकडे गेली आणि झाडाची जबाबदारी भाच्यावर आली. भाचा कवळ्या बनवायचा. डॉक्टरांकडून जबड्यांची मापं यायची, त्यावरून हा दात लावून द्यायचा. म्हणून घरात सगळे त्याला दातवाला म्हणत. आत्याच्या तोंडातली कवळीही त्याच्याच हातची.

जाताना आत्याने एवढंच सांगितलं होतं, "पंधरवड्यातून एकदा पाणी. तेही माती अगदी कोरडी झाली तरच."

दातवाल्याला वाटलं, बायका आपल्या माणसासाठी नेहमी कमीच मागतात. त्याच्या धंद्यात पहिला धडा असा की कवळी कधी कोरडी ठेवायची नाही. कोरडी पडली की वाकडी झालीच. त्याने कुंडी पाण्याने भरलेल्या वाडग्यात उभी केली, वर ओला रुमाल घातला आणि रोज कामावरून येताना पाणी बदललं. खालची पानं काचेसारखी पारदर्शक झाली तेव्हा त्याला ती तुकतुकी वाटली. त्याने कौतुकाने एका पानाला बोट लावलं. बोट आत गेलं.

तिथून पानं गळायला लागली. सडलेली त्याने टाकली. पण मधलं खोडच कुजत चालल्यामुळे काही धडधाकट पानंही हातात येत. त्यांचं मात्र तो माप घ्यायचा, साचा करायचा आणि अॅक्रिलिकमध्ये तस्सं पान ओतायचा. रंग जुळवणं सोपं नव्हतं, पण कडेचा गुलाबी हिरड्यांच्या मालात आयताच मिळाला. माप झालं की खरं पान तो खिडकीखालच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या वर्तमानपत्रावर, मान फिरवून ढकलायचा. टाकायचा धीर होत नव्हता आणि बघायचाही. ड्रॉवर पूर्ण बंद व्हायचा नाही, चार बोटं उघडाच राहायचा. तो आतोबा दुरुस्त करणार होते. चौदा वर्षं करणार होते.

एक पान गळलं की एक पान बसत गेलं. खोड खचत गेलं तेव्हा त्याने त्याच्याभोवती कवळीला असतो तसा पाया केला. आता सगळी पानं खोटी होती, फक्त मधलं एक सोडून. आणि तेही आता चिमट्यात होतं.

त्याने ते ड्रॉवरमध्ये लोटलं, तयार ठेवलेलं नकली पान गोंद लावून मध्ये टेकवलं आणि दाराची बेल वाजली. गोंदाला सुकायला वेळ हवा होता. बेलला तेवढी समज नव्हती.

दारात ताई, हातात पेटी. मागे आत्या, काळा चष्मा कपाळावर सरकवलेला. तिचे डोळे नव्या नाण्यासारखे लखलखत होते.

"अरे, तू एवढा काळा आहेस?" आत्या म्हणाली.

"ऑपरेशन झाल्यापासून असंच चाललंय," ताई म्हणाली. "काल मला म्हणाली, तुला मिशी आहे."

"आहेच," आत्या म्हणाली.

ती आत आली आणि घर बघू लागली. पंख्यावरची धूळ दिसली. पडद्यावरचा डाग दिसला, तो चहाचा आहे हेही दिसलं. कपाटाच्या वरच्या कोपऱ्यातला कोळी दिसला आणि त्याचा एक पाय तुटलाय हे दिसलं. दातवाला खिडकीसमोर उभा होता, शक्य तितका रुंद होऊन. पाठीमागे मधलं पान किंचित झुकलंय असं त्याला वाटलं.

"बाजूला हो," ताई म्हणाली. "मलाही बघू दे काय दिवे लावलेस ते. कसे आहेत बाबा?"

"मजेत," दातवाला म्हणाला. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी आला.

आत्या पुढे आली. त्याला सरकावंच लागलं. अहो खिडकीत बसले होते, भरगच्च, निळसर हिरवे, एकही पान कमी नाही. उन्हात जरा जास्तच चकाकत होते.

"अगंबाई," ताई वाकून म्हणाली. "हे तर गेल्या वेळेपेक्षा छान झालंय!" तिच्या चेहऱ्यावरून पेटी भरायचा बेत हळूहळू उतरला. दातवाल्याने अर्धा श्वास घेतला.

"अहो, आले हो मी," आत्या म्हणाली आणि कडेच्या पानावर नखाने हलकेच टिचकी मारली.

टक्.

आत्याचा हात तिथेच थांबला. रोज रात्री पाण्याच्या वाटीत कवळी ठेवताना येणारा हा आवाज तिला झोपेतही ओळखता आला असता. तिने जिभेने स्वतःचे वरचे दात चाचपले. मग दातवाल्याकडे पाहिलं. नव्या डोळ्यांनी, सावकाश, आरपार.

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"कसे आहेत गं?" ताईने विचारलं.

"बरे आहेत," आत्या म्हणाली. "प्रवासाने माझाच घसा सुकलाय. जरा चहा टाक ना."

ताई स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आल्यावरच आत्याने विचारलं,

"सगळी?"

"सगळी."

"पाणी घातलंस."

"फार."

आत्या खुर्चीत बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त कपाळावरचा चष्मा काढून पदराने पुसला, जो घरात तिला लागतही नव्हता.

"खरी कुठे आहेत?"

"ड्रॉवरमध्ये. आत्या, नको बघूस. मीही नाही बघितली."

"ते गेले तेव्हाही त्यांना न बघता पाठवलं मी," आत्या हळू म्हणाली. "तेव्हा सगळे हेच म्हणाले होते, 'नको बघूस.' तू काढ ती."

दातवाल्याने ड्रॉवर ओढला. तो नेहमीप्रमाणे अडकला. त्याने डोळे मिटून हिसका दिला, वर्तमानपत्र तसंच उचललं, आत्याच्या मांडीवर ठेवलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

आत कपबश्या वाजत होत्या.

"दातवाल्या," आत्या म्हणाली. "इकडे ये रे. मला नवे डोळे आहेत, चुकत असतील. तू बघ."

पानं सुरकुतली होती, पण मेली नव्हती. प्रत्येकाच्या तळाशी रेशमासारखी गुलाबी मुळं सुटली होती, काही मुळं तर बातम्यांच्या ओळींवरून चालत पार जाहिरातींपर्यंत पोचली होती. आणि मुळांपाशी, तिळाएवढी, कुठे डाळीएवढी, इवली इवली पानं. निळसर हिरवी. दगडी गुलाबाची पिल्लं. चार बोटांच्या फटीतून येणाऱ्या उजेडावर, थेंबभर पाण्याशिवाय, कुणीही काळजी न घेतल्यामुळे ती वाढली होती.

"तो ड्रॉवर त्यांनी दुरुस्त केला असता तर..." आत्याने मुळांवरून अलगद बोट फिरवलं. मग म्हणाली, "आळशी माणूस." एवढ्या मायेने तिने आतोबांना हयातीत कधी आळशी म्हटलं नव्हतं.

"चहा," ताई दारातून म्हणाली आणि नेमक्या त्याच क्षणी अहोंचं मधलं पान सुटलं, कुंडीच्या काठावर आपटलं आणि फरशीवरून टणटणत तिच्या पायाशी जाऊन थांबलं.

ताईने ट्रे ठेवला. पान उचललं. उजेडात धरलं. दाताखाली धरून पाहिलं.

"हे प्लास्टिक आहे."

तिने खिडकीतल्या दुसऱ्या पानालाही नख लावून पाहिलं.

"आई, हे झाड खोटं आहे! म्हणजे बाबांचं झाड गेलं. आपलं काय ठरलं होतं? झाड आहे तोवर. मी पेटी उघडलीही नाहीये अजून, तशीच परत घेऊन चल."

"तू आहेस ना मोठी," आत्या म्हणाली, "मग जरा हळू बोल." तिने मांडीवरचं वर्तमानपत्र लेकीसमोर अलगद धरलं. "उठतील."

ताई वाकली. तिच्याकडे जुनेच डोळे होते, तिला वेळ लागला. मग तिचं तोंड उघडं राहिलं.

"ही... बाबांची?"

"मग काय शेजाऱ्यांची? आता सांग, मी तुझ्याकडे कशी येऊ? घरात लहान मुलं आहेत."

ताईने आईकडे पाहिलं, दातवाल्याकडे पाहिलं, हातातल्या पानाकडे पाहिलं. भांडायला तोंड उघडलं आणि चहाचा घोट घेतला. मग खिडकीकडे बोट केलं. "आणि हे? हे काय आहे?"

आत्या उठली. ताईच्या हातातून पान घेतलं, दातवाल्याला दिलं आणि म्हणाली, "बसव रे, घट्ट बसव." मग लेकीकडे वळली. "त्यांना कवळी लावलीय. या वयात लावतातच."

दातवाल्याने खिशातून गोंद काढला.

"आणि त्या मुलांना," आत्या त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तू हात लावायचा नाहीस."