विहीणबाईंनी सिस्टीम बदलली

पाटीवाल्या काकूंच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला एक वाईट खोड होती. एकदा बंद झाला की उठायचं नाव घेत नसे. मागच्या खेपेला दुरुस्तीवाल्याने त्याची नाना परींनी मनधरणी केली, कसाबसा चालू केला आणि हात जोडून सांगितलं, "काकू, आता हा झोपला तर माझ्याच्याने उठायचा नाही."

तेव्हापासून तो चालूच होता. नवा घ्यावा तर चिकट कागदातून अक्षरं कापणारं काकूंचं मशीन फक्त यालाच जोडता येई. दुकानांच्या पाट्या, गाड्यांवरची नावं, दारांवरचे नंबर, सगळा धंदा त्या मशीनवर. पण आता गिऱ्हाइकं नव्या तऱ्हेच्या फायली पाठवत, आणि जुन्या सिस्टीमवर त्या काही केल्या उघडत नसत. नवी सिस्टीम टाकायची तर रीबूट, म्हणजे बंद करून पुन्हा चालू, करावं लागेल, असं जो तो सांगे. काकू त्याला दारातूनच वाटेला लावत.

अशात सुनेची आई चार दिवस राहायला आली. विहीणबाई म्हटलं की काकू एकदम सावरून बसायच्या. बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या. दोघींमध्ये इतकं अहो-जाहो आणि "बसा ना", "आधी तुम्ही" चाले, की सून म्हणे, "तुमच्या गप्पा ऐकून मलाच अवघडायला होतं."

सून कामावर गेल्यावर विहीणबाई दुकानात येऊन बसल्या. काकूंची स्क्रीनशी चाललेली झटापट त्यांनी थोडा वेळ पाहिली.

"नवी सिस्टीम का नाही घालत तुम्ही?"

काकूंनी सगळं रामायण सांगितलं.

"मग बंद न करताच घालू की," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्याकडची मशिनं कुठे बंद करता यायची? अख्ख्या शहराचे फोन मुके झाले असते."

"चालू असताना? म्हणजे उभा आहे तो डोलारा, आणि त्याचा पाया बदलायचा?"

"अंथरुणावरच्या माणसाला न उठवता चादर बदलतात ना, तसं. आधी नवी सिस्टीम नुसती मेमरीत उभी करायची. तिने काम हाती घेतलं की डिस्कवरची जुनी पुसायची आणि नवी तिथे मांडायची."

काकूंना पटलं नाही, पण विहिणीला नाही म्हणायचं कसं? त्या भिडेपोटी "बरं" म्हणून गेल्या.

विहीणबाईंनी पदर खोचला. आधी सगळ्या डिझाइनांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढली आणि ती काकूंच्या हातात दिली. मग चष्मा नाकावर ओढून टाइप करायला लागल्या. काकू ती डिस्क छातीशी धरून मागे उभ्या. मध्येच एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी नुसत्या हाताने "नंतर" म्हणून घालवलं.

"आता नवीच्या हाती कारभार देते," म्हणत विहीणबाईंनी एक कळ दाबली.

स्क्रीन काळी ठिक्कर पडली.

"अगं बये, काय केलंस हे!" काकू किंचाळल्या. "मारलंस ना त्याला! तरी मी म्हणत होते, बंद करू नकोस!"

"बंद कुठे केलाय? पंखा ऐक आतला!"

काकूंनी डबड्याला कान लावला. आत पंखा घरघरत होता. तेवढ्यात स्क्रीनवर भराभर पांढऱ्या ओळी धावू लागल्या आणि मागोमाग निळा, नवा कोरा पडदा उघडला.

काकूंनी श्वास सोडला. आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. कानाच्या पाळ्या तापल्या. "अहो... माफ करा हं. तोंडातून निघून गेलं."

विहीणबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांचा चष्मा घसरून मांडीवर पडला. "बये म्हणालीस ना? मग आता परत अहो-जाहो केलंस तर याला खरंच बंद करीन. पोरांच्या लग्नापासून तुझ्यापुढे ताठ बसून पाठ धरलीय माझी."

"तुझी? माझी जीभ दुखायला लागलीय!"

नवी सिस्टीम डिस्कवर बसेपर्यंत दोघींनी आपापल्या नवऱ्यांची यथेच्छ उणीदुणी काढली. मग काकूंनी बेकरीवाल्याने पाठवलेली फाइल देवाचं नाव घेत उघडून पाहिली. उघडली! कापणारं मशीन मात्र पहिल्यांदा ढिम्म. विहीणबाईंनी पुन्हा काहीबाही केलं, आणि पातं खर्रर्र करत कागदावर चालू लागलं. काकूंनी तिथल्या तिथे टाळी वाजवली.

संध्याकाळी सून आली, तर आई आणि सासू एकाच स्टुलावर दाटीवाटीने बसून भांडत होत्या.

"अगं, ते अक्षर जरा डावीकडे घे, कळत कसं नाही तुला?"

"कळतंय! पाट्या तू करतेस की मी?"

सुनेने घाबरून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," दोघी वळूनही न पाहता म्हणाल्या. "चहा सांग. दोन."