चार बोटं साल

मी धानोऱ्याजवळच्या नाल्याकाठचा अर्जुनवृक्ष बोलतोय. घाईत बोलतोय, कारण रंजीता विळा घेऊन टेकाड उतरतेय आणि माझ्या काळजाचं पाणी पाणी झालंय.

मी जन्माचा भित्रा. पुरात वाहत आलेलं एक फळ या काठाला अडकलं, रुजलं, तो मी. पहिल्याच वर्षी नाल्यानं शेजारची रोपं ओढून नेली. तेव्हापासून मुळं घट्ट रोवून उभा आहे. पळायचं म्हटलं तरी आम्हाला पाय कुठे असतात?

उभा दिसलो तरी मी रिकामा नसतो. मुळं ओलावा शोधतात. पानं तो लाकडातून वर ओढून घेतात आणि उन्हात अन्न शिजवतात. ते अन्न सालीच्या आतल्या ओल्या थरातून खाली मुळांपर्यंत उतरतं. पाणी वर, जेवण खाली. अंधारात राबणाऱ्या मुळांना दुसरं कोणी वाढत नाही.

सोनीबाईला हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी ठाऊक होतं. छातीतल्या धडधडीवर इथे माझ्या सालीचा काढा देतात. ती यायची, बुंध्याशी चिमूटभर तांदूळ ठेवायची आणि सुनेला, रंजीताला, बजावायची, "त्याले इचारल्याबिगर हात लावू नको. तळहाताएवढी घेजो, जास्त नाई. त्याले बी जगायचं हाये."

दुखायचं, पण जखम भरून यायची. तेव्हा मला भीती वाटत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी मोबाईलवर माझ्या सालीचा कुठलासा व्हिडिओ आला आणि आसपासच्या गावांतले लोक यायला लागले. वाईट त्यातलं कोणीच नव्हतं. त्यांच्यातल्या बिरजूनं तांदूळ ठेवून तळहाताएवढी साल घेतली. रीनानंही तेवढीच घेतली. जुनी जखम दिसली की जो तो शहाण्यासारखा बाजूला सरकायचा आणि कोरी जागा शोधायचा. रीत कोणीच मोडली नाही. पण तळहाताला तळहात जोडत माझ्याभोवती उघड्या लाकडाचा पट्टा तयार झाला. आता नाल्याच्या बाजूला चार बोटं साल उरली आहे. मुळांचं सगळं जेवण तेवढ्यातून उतरतं. तेवढी गेली की मी मेलो.

आणि खरं सांगू, मला सगळ्यात जास्त भीती माझ्याच पानांची वाटते. लाकूड शाबूत आहे, पाणी चढतंय, म्हणून ती हिरवीगार आहेत. मुळं उपाशी मरायला लागली तरी पानं कितीतरी दिवस तशीच राहतील आणि पाहणाऱ्याला मी धडधाकट वाटेन.

रंजीता आली. तिनं तांदूळ ठेवले, हात जोडले.

"सासूबाई चार दिसापासून बीमार हाये. छाती धडधडते तिची. थोडीशीच घेऊन राह्यली, रागावू नको."

सोनीबाईला नाही कुठल्या तोंडानं म्हणू? जखमा चुकवत रंजीता बुंध्याभोवती फिरली आणि नाल्यात पाय ठेवून त्या चार बोटांपाशी थांबली. जरा घुटमळली. मग मान वर करून तिनं माझी पानं पाहिली.

"हिरवागार हाये. काई होत नाई त्याले."

विळ्याचं टोक सालीला टेकलंय. पोरी, वर नको पाहूस. माझी एक फांदी तोड, तिची सगळी साल ने, सोनीबाईला पुरेल. मला दुसरी फांदी फुटेल. ही चार बोटं तेवढी सोड. खाली मुळं वाट पाहतायत.