लंगडी डुकरीण

रानडुकरं पकडायचा आमचा नियम एकच. पाणथळीच्या कडेला पिंजरा मांडायचा, दार वर बांधून ठेवायचं आणि रोज आत मका टाकायचा. अख्खा कळप बिनधास्त आत येऊन जेवायला लागला, की मगच दार पाडायचं. घाई केली तर मागे राहिलेली डुकरं शहाणी होतात, पुन्हा पिंजऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

हे काम नवऱ्याचं, तण उपटायचं माझं. तो गेला आणि दोन्ही माझ्या गळ्यात पडली.

ओढ्यापलीकडचं कुरण दिराचं. भाऊ गेल्यापासून त्याचं माझ्या उंबऱ्याशी काम उरलं नव्हतं. पिंजरा मांडल्यावर मात्र तो रोज संध्याकाळी यायला लागला.

"काय वहिनी, पडलं का दार?"

"नाही हो भाऊजी. ती लंगडी डुकरीण बाहेरच घुटमळते."

मग चहा व्हायचा. बोलायचा काय, तर गाय आटली, समुद्राचं पाणी गवतात शिरलं. एरवी मिठाची गुळणी. पण खुर्ची रिकामी नसायची, मला तेवढं पुरायचं.

लंगडी कधीचीच आत जायला लागली होती. मी थापा मारत होते.

इकडे कळप माझा मका खाऊन वर त्याचं कुरण उकरत होता. उकरलेल्या मातीत काटेरी तण तरारलं, गाई तोंड लावेनात. मी रोज जाऊन ते उपटायचे. "किती राबता माझ्यासाठी!" तो म्हणायचा. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका सकाळी तो पिंजऱ्यात उकिडवा बसलेला दिसला. चिखलात पिल्लांचे ठसे होते, नराचे होते, आणि एक पाय ओढत गेलेल्या लंगडीचेही. ताजे, आणि वाळून कडक झालेले जुनेसुद्धा.

"सगळी येतात की," तो म्हणाला.

मी हातातली मक्याची पाटी खाली ठेवली.

"नुसती हाक मारली असतीत तरी आलो असतो, वहिनी."

रागावला असता तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी त्यानं दार पाडलं. डुकरं गाडीत घालून नेली.

दुसऱ्या दिवशी मी दोघांच्या चहाचं आधण ठेवलं आणि कुंपणाशी गेले. पलीकडे तो गोठ्यातलं शेण काढत होता, अगदी हाकेच्या अंतरावर. भाऊजी, चहा ठेवलाय. एवढंच तर म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं. पण कामाशिवाय माणसाला हाक कशी मारतात, ते मला उभ्या जन्मात जमलेलं नाही. आधण आटेपर्यंत मी तिथेच उभी होते.