खारूताईचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. लगेच तोंड वाकडं करू नका! कपडे वाळत घालायचा किंवा सामान बांधायचा दोर नव्हे. मी उंच झाडांवर चढणाऱ्यांचा दोर आहे. माणसाचा जीव पेलण्यासाठीच माझा जन्म झाला. कारखान्यात आधी माझा पांढरा गाभा वळला, मग त्यावर केशरी वीण चढवली. अशा थाटात मी थेट खारूताईच्या खांद्यावर येऊन बसलो.

खारूताई हे तिचं टोपणनाव. झाडांच्या मोडक्या, धोकादायक फांद्या कापणं हा तिचा पेशा. सुरुवातीला ती नुसत्या दंडांच्या जोरावर वर जायची आणि अर्ध्यातच तिला धाप लागायची. खालून भाऊ ओरडायचे, "अगं, देवाने पाय कशाला दिलेत? दोराला पायांचा विळखा घाल आणि उभी राहा!" भाऊ तिच्या टोळीतले जुने चढणारे. गुडघा कुरकुरायला लागल्यापासून ते खाली उभे राहून दोर सांभाळत. त्यांचं ऐकून खारूताई इतकी तरबेज झाली की इतर टोळ्यांतली माणसं तिचं काम बघायला येत. ती शेंड्यावर पोचली की माझी छाती फुगायची.

या टोळीची एक रीत होती. आपला दोर आपण तपासायचा नाही, सोबत्याने तपासायचा. भाऊ रोज डोळे मिटून मला टोकापासून टोकापर्यंत बोटांतून सरकवत.

एकदा एका शाळेच्या छपरावर भली मोठी फांदी चिरून लोंबत होती. खारूताईला वर जायची घाई होती. आदल्या दिवशी एक ओंडका माझ्यावर पडला होता, पण माझी वीण शाबूत होती. मलाही काही झालंय असं वाटत नव्हतं. भाऊंची बोटं मात्र मध्येच थांबली.

"इथे आतून दबलाय. हा आज चढणार नाही."

"भाऊ, काहीतरीच तुमचं! नवऱ्यापेक्षा जास्त भरवसा आहे माझा याच्यावर."

"म्हणून तर तुझ्या हाती तपासायला देत नाही."

ती फुरंगटली. भाऊंनी तिच्यापुढे करवत धरली, "मग कापूनच बघ." तिने तिथेच मला कापलं. केशरी विणीच्या आत गाभ्याचे धागे पार तुटले होते. तिचा चेहरा उतरला. मग ती हळूच म्हणाली, "भाऊ, तुमचा दोर द्या."

त्या परक्या दोरावरून ती चढली आणि फांदी तुकड्यातुकड्यांनी अलगद खाली उतरवली. शाळेचं एक कौलही हललं नाही. खाली पडल्या पडल्या मला थोडा हेवा वाटला, हे खरं. पण ती सुखरूप उतरली तेव्हा सगळा हेवा विरघळला.

आता माझ्या तुकड्यांवर नवी माणसं गाठी शिकतात. मित्रांनो, ज्या वस्तूवर तुमचा जीव अवलंबून आहे, तिच्यावर माया जरूर करा. पण ती दुसऱ्याच्या हातीही तपासायला द्या, आणि तो "नको" म्हणाला तर ऐका. मी तुटलो तेव्हा माझ्यावर कुणीही लटकत नव्हतं. दोराला यापेक्षा मोठी शाबासकी ती कोणती?